न्यूट्रिशन-डायटेटिक्सची डिग्री करायचीय? मग मोजणी शेवटाकडून सुरू करा

न्यूट्रिशनला ॲडमिशन घेऊ का, स्कोप आहे का, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते. शिकून झाल्यावर पेशंटच्या केसपेपरवर स्वतःची सही करून आहार ठरवायचाय का? हो असेल तर रस्ता वेगळा, नाही असेल तर वेगळा, आणि गंमत म्हणजे दोन्ही रस्त्यांवरच्या कोर्सेसची माहितीपुस्तिका अगदी सारखीच दिसते, कव्हरवर तेच सफरचंद आणि तीच मेजरिंग टेप. म्हणून इथे मी शेवटाकडून सुरुवात करतेय, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी उभं राहिल्यावर काय यायला लागतं ते बघायचं आणि मग कॉलेजात कुठल्या विषयाला किती जीव लावायचा ते ठरवायचं.

पायरी १: आधी रजिस्ट्रेशन बघा, मग कॉलेज

बऱ्याच देशांत डायटिशियन हे पद कायद्याने संरक्षित आहे, न्यूट्रिशनिस्ट हे मात्र कित्येक ठिकाणी कोणीही लावू शकतं. ब्रिटनमध्ये एचसीपीसी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या रजिस्टरवर नाव नसेल तर स्वतःला डायटिशियन म्हणवून घेता येत नाही, न्यूट्रिशनिस्टला तसं काही बंधन नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डायटिशियनच्या परीक्षेला पहिल्यांदा बसायचं तर मास्टर्स डिग्री लागते, त्याआधी बॅचलर्सवर चालायचं. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या सिनिअरने सांगितलेला रस्ता आज बंद असू शकतो, सिनिअरचा त्यात काही दोष नाही पण ऐकून ॲडमिशन घेऊ नका.

डायटेटिक असोसिएशन्सची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयसीडीए, तिचं किमान मानक आहे बॅचलर्स डिग्री आणि देखरेखीखाली केलेलं किमान ५०० तासांचं प्रॅक्टिकल काम. ब्रिटन-अमेरिकेत हा आकडा १००० तासांच्या घरात जातो. हे तास हाच खरा कळीचा मुद्दा आहे कारण थिअरी कुठेही शिकता येते, वॉर्ड घरबसल्या मिळत नाही.

तर करायचं असं. जिथे काम करायचंय तिथल्या रजिस्ट्रेशन बॉडीच्या वेबसाइटवर जाऊन मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी काढायची आणि कोर्सचं पूर्ण नाव, कॅम्पस आणि बॅचचं वर्ष तिन्ही जुळतंय का ते बघायचं. युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आहे म्हणजे कोर्सही रजिस्ट्रेशनसाठी मान्य आहे असं अजिबात नसतं, आणि इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. फूड सायन्स, पब्लिक हेल्थ न्यूट्रिशन, स्पोर्ट्स न्यूट्रिशन ह्या डिग्र्या चांगल्याच आहेत पण त्यातून हॉस्पिटलचं दार आपोआप उघडत नाही.

मग कॉलेजला फोन करून सरळ विचारा: प्लेसमेंट कोर्समध्येच आहे की डिग्रीनंतर वेगळा अर्ज करून मिळवायची? जागा कॉलेज देतं की आपण शोधायची? आणि प्लेसमेंटला सही करणारी व्यक्ती स्वतः रजिस्टर्ड डायटिशियन आहे का? ह्या तिन्हीला गोलमोल उत्तरं आली तर पुढचं कॉलेज बघा. फी, होस्टेल, कॅन्टीन वगैरे नंतर.

पायरी २: सिलॅबस वाचायला शिका

सिलॅबस उघडला की विषयांची नावं बघू नका, क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे तास बघा. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, क्लिनिकल न्यूट्रिशन, फूड सर्व्हिस, कम्युनिटी न्यूट्रिशन, समुपदेशन आणि संशोधनपद्धती एवढं तर हवंच. समुपदेशन नावाचा विषयच नसेल किंवा एका लेक्चरात उरकलेला असेल तर ते मी वाईट लक्षण मानते. बारावीला केमिस्ट्री-बायोलॉजी नसलेल्यांना काही युनिव्हर्सिट्या ब्रिज कोर्स देतात, तो फुकट गेलेला वेळ समजू नका, पुढे तोच वाचवतो.

पायरी ३: पहिलं वर्ष, म्हणजे बायोकेमिस्ट्रीशी दोन हात

अर्धी मुलं इथेच म्हणतात की आम्ही आहार शिकायला आलो होतो, हे क्रेब्ज सायकल (पेशी अन्नातून ऊर्जा काढतात ती साखळी) कशाला? कारण विचाराल तर सांगते. उपाशी माणसाचं शरीर काय करतं हे ज्याला कळलं त्याला निम्मं क्लिनिकल न्यूट्रिशन कळलं.

घोकंपट्टी करू नका, त्याऐवजी एक मोठा कागद घ्या आणि चार अवयव काढा: लिव्हर, स्नायू, चरबी, मेंदू. मग एकाच कागदावर दोन अवस्था वेगवेगळ्या रंगांत दाखवा. एक, जेवल्यानंतर दोन तासांनी. इन्सुलिन वर, ग्लुकोज पेशींमध्ये जातंय, लिव्हर-स्नायूंत ग्लायकोजेन साठतंय, उरलेलं चरबीकडे. दुसरी, उपाशीपोटी. ग्लुकॅगॉन (इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन) वर, लिव्हर आधी ग्लायकोजेन मोडतंय, तो साधारण एक दिवसात संपत आला की अमिनो ॲसिड, लॅक्टेट आणि ग्लिसरॉलपासून नवीन ग्लुकोज बनवतंय, चरबीतून फॅटी ॲसिड सुटतायत आणि उपास लांबला की मेंदू हळूहळू कीटोन्सवर जातोय. आता ह्याच कागदावर रोग टाकत जा. टाइप १ डायबिटीस म्हणजे भरल्या ताटावरसुद्धा शरीर उपाशी असल्यासारखं वागणं. ताप, मोठी जखम, इन्फेक्शन म्हणजे उपास, पण स्नायू वाचवायची सोय बंद पडलेली. पीकेयू हा जन्मजात आजार, म्हणजे प्रथिनांतलं फेनिलॲलनिन हे अमिनो ॲसिड मोडणारं एन्झाइम नाही, म्हणून ते साठतं आणि मेंदूला इजा करतं, म्हणून आहारात ते अगदी मोजून द्यायचं. एक कागद, आणि तीन वर्षं पुरतो.

व्हिटॅमिनांचंही तसंच. तक्ता पाठ करण्यापेक्षा शोध कसा लागला ते वाचा, डोक्यात राहतं. आइकमन ह्या डच डॉक्टरने पॉलिश केलेल्या तांदळावरच्या कोंबड्या आजारी पडताना बघितल्या आणि त्यातून बेरीबेरीचा (थायमिनच्या कमतरतेच्या रोगाचा) धागा सापडला, त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या गोल्डबर्गर ह्या डॉक्टरने पेलाग्रा (नायसिनच्या कमतरतेचा रोग) हा संसर्ग नसून आहारातली कमतरता आहे हे दाखवायला स्वतः रोग्यांच्या शरीरातले नमुने अंगात घेतले. एवढं वाचल्यावर नायसिन विसरून दाखवा.

पायरी ४: स्वयंपाकघर आणि वजनकाटा

फूड लॅबला मुलं टाइमपास समजतात. ज्याला वाटीत किती ग्रॅम मावतात हे डोळ्यांनी ओळखता येत नाही त्याचं पुढचं सगळं गणित हवेत असतं. एक साधी सवय लावा, जे खाल ते आधी अंदाजाने सांगा, मग काट्यावर ठेवा. सुरुवातीला अंदाज भलतेच चुकतात, काही आठवड्यांत हात बसतो.

कच्चं आणि शिजवलेलं ह्यात फरक करायला शिका. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ३५० किलोकॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. फूड कंपोझिशन टेबलची चुकीची ओळ वाचली की हिशोब अडीच-तीन पट चुकला, आणि हे परीक्षेत कमी, खऱ्या पेशंटच्या बाबतीत जास्त होतं कारण पेशंट कधीच सांगत नाही की कच्चं का शिजलेलं, तुम्हालाच विचारावं लागतं.

फूड सर्व्हिसमध्ये स्टँडर्ड रेसिपी, यील्ड (शिजवून हाती किती येतं ते), आणि तापमान ह्या तीन गोष्टी पक्क्या करा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस ह्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात, म्हणून गरम ते गरमच आणि थंड ते थंडच. शिवाय गिळायला त्रास असलेल्यांसाठी आयडीडीएसआय ही अन्न-पेयांचा दाटपणा ठरवायची ० ते ७ लेव्हलची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ती वाचून येत नाही, हाताने करावी लागते. पेयाने १० मिलीची सिरिंज भरायची, १० सेकंद सोडायची, किती उरलं ते बघायचं: १ ते ४ मिली उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ तर लेव्हल २, ८ च्या वर उरलं पण वाहतंय तर लेव्हल ३. सिरिंज मात्र त्यांनी सांगितलेल्या मापाचीच हवी कारण सगळ्या १० मिलीच्या सिरिंजची लांबी सारखी नसते, आणि हे बारीकसं वाटलं तरी त्यावर आकडा बदलतो.

पायरी ५: माणूस मोजायला शिका

इथून पुढे एकच पेशंट धरू, काल्पनिक. बाई, वय ४०, उंची १६५ सेंमी, वजन ६० किलो. तीन आठवड्यांपूर्वी ६४ किलो होत्या, गिळताना दुखतं म्हणून खाणं निम्म्यावर आलंय.

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढला तर २२. नॉर्मल. बहुतेक विद्यार्थी इथे पेन खाली ठेवतात. आता वजनघट काढा: ६४ पैकी ४, म्हणजे सव्वासहा टक्के. २०१९ मध्ये आलेल्या ग्लिम ह्या कुपोषण ओळखायच्या आंतरराष्ट्रीय निकषांचे दोन गट आहेत, लक्षणं आणि कारणं, आणि दोन्हीतला किमान एकेक लागतो. त्यात सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट हा पहिल्या गटातला निकष आहे, आणि आठवड्यापेक्षा जास्त काळ गरजेच्या निम्मं किंवा त्याहून कमी खाणं हे दुसऱ्या गटातलं कारण. दोन्ही बसतायत. म्हणजे नॉर्मल बीएमआयची ही बाई कुपोषित आहे. बीएमआय मुळात लोकसंख्येसाठीचं माप, एकट्या माणसावर लावताना सोबत आणखी काही तरी हवंच.

लॅब रिपोर्ट वाचताना एक जुनी खोड सोडा. कित्येक जुन्या नोट्समध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी म्हणजे आहारात प्रथिनं कमी असं लिहिलेलं सापडेल, तसं आता मानत नाहीत. अंगात सूज-इन्फेक्शन असलं की अल्ब्युमिन खाली येतं, माणूस कितीही नीट जेवत असला तरी. नोट्स सिनिअरच्या घ्या, पण कुठल्या सालच्या आहेत ते बघून घ्या.

मग येतं चोवीस तासांचं रिकॉल, म्हणजे काल काय काय खाल्लं. दिसायला सगळ्यात सोपं, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळ्यात जास्त इथेच उडतात. ते फेऱ्यांमध्ये घ्यायचं. पहिल्या फेरीत पेशंट जे सांगेल ते न टोकता लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत विसरलेल्या गोष्टी: पेयं, मधलं खाणं, चव बघताना खाल्लेलं, मुलाच्या ताटातलं उरलेलं. तिसऱ्यात वेळ आणि प्रसंग. चौथ्यात प्रमाण आणि बनवायची पद्धत, तेल किती, साखर किती. शेवटी पूर्ण वाचून दाखवायचं. आणि प्रश्न कसा विचारता ह्याला फार महत्त्व आहे, "नाश्त्याला काय खाल्लं?" असं विचारलं की ज्याने नाश्ता केलाच नाही तोही काहीतरी सांगतो, त्यापेक्षा "उठल्यानंतर पहिल्यांदा काय खाल्लं-प्यायलं?" हे बरं. चेहऱ्यावर आश्चर्य, नापसंती काही दिसू द्यायचं नाही. लोक खाणं कमी करून सांगतात हे डबली लेबल्ड वॉटरच्या (शरीराने खरंच किती ऊर्जा खर्च केली ते मोजायची पद्धत) अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यात भुवई उंचावलेली बघितली तर अजून कमी सांगणार.

पायरी ६: गणित, आणि गणितावर किती विश्वास ठेवायचा

त्याच बाईंची ऊर्जेची गरज काढू, आधी नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला किती किलोकॅलरी लागतात ती. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र, १९९० चं, बायकांसाठी: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. म्हणजे ६०० अधिक १०३१, वजा २००, वजा १६१, साधारण १२७०. आता हॅरिस-बेनेडिक्ट, १९१९ चं, त्याच बाईंना लावलं तर १३४७ च्या आसपास येतं. माणूस तोच, पाऊणशे किलोकॅलरींचा फरक. कुठलं खरं? दोन्ही अंदाजच आहेत. खरं मोजायचं तर इनडायरेक्ट कॅलोरिमेट्री, म्हणजे श्वासातल्या वायूंवरून ऊर्जा मोजणं, जी बहुतेक ठिकाणी हाताशी नसते. म्हणून एक सूत्र निवडा, कुठलं वापरलं ते लिहा, आणि पुढे वजन कसं हलतंय त्यावरून दुरुस्त करत जा. दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहिणाऱ्यांना मी नेहमी विचारते की एवढी खात्री आली कुठून.

१२७० ला हालचाल-आजाराचा १.३ गुणक लावला तर १६५० धरू. प्रथिनं किलोला १.२ ग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम, गुणिले ४ बरोबर २८८ किलोकॅलरी. फॅट ३० टक्के म्हणजे ४९५ किलोकॅलरी, भागिले ९ बरोबर ५५ ग्रॅम. उरले ८६७, भागिले ४, म्हणजे २१७ ग्रॅम कार्बोहायड्रेट. हे चार-नऊ-चारचे आकडे (प्रथिनं, फॅट, कार्बोहायड्रेटच्या दर ग्रॅममागे किलोकॅलरी) ॲटवॉटर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे, १९ व्या शतकाच्या शेवटी मोजलेले, आजही चालतात. हा हिशोब दोन मिनिटांत कागदावर जमला पाहिजे, सॉफ्टवेअर नंतर. सॉफ्टवेअरने काहीतरी वेडंवाकडं दिलं तर ते वेडंवाकडं आहे हे तुम्हाला कळायला तर हवं.

आणि आता खरी परीक्षा. ह्याच बाई जर बारा दिवस जवळपास काहीच न खाता आल्या असत्या तर? १६५० सुरू करायचं? अजिबात नाही. लांबलेल्या उपाशी शरीरात एकदम कार्बोहायड्रेट गेलं की इन्सुलिन उसळतं, फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं, थायमिन संपतं, आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ येते. ह्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनच्या नाइस ह्या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शनात जास्त धोका असलेल्यांना दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरींपासून सुरुवात सांगितलीय. म्हणजे पहिल्या दिवशी ६००, खायला सुरू करायच्या आधीपासून थायमिन, आणि रोज इलेक्ट्रोलाइट्स बघत हळूहळू वर. सूत्राने १६५० सांगितलं, पेशंटला ६००. पायरी ३ मधला तो उपाशीपोटीचा रंग नीट भरला असेल तर हे पाठ करावं लागत नाही.

पायरी ७: क्लिनिकल, रोगांची यादी नको

रोग-आहार अशी जोडी करून पाठ केलं की वॉर्डात फजिती ठरलेली. किडनी म्हटलं की प्रथिनं कमी, हे सगळ्यांच्या तोंडी. पण डायलिसिस सुरू झालं की उलट होतं, कारण डायलिसिसमध्ये अमिनो ॲसिड निघून जातात, तिथे किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतं. डायलिसिसच्या पेशंटला जुन्या सवयीने प्रथिनं तोडली की तो बिचारा सुकत जातो. वॉरफरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध) असलेल्याला हिरव्या पालेभाज्या बंद सांगणं ही तशीच खोड, व्हिटॅमिन केचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं, बंद नाही करायचं. मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं औषध वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ बघायचं.

म्हणून प्रत्येक रोगाला तीनच प्रश्न विचारा: शरीरात नक्की काय बिघडलंय, उपचाराने काय बदलतंय, आणि पेशंट प्रत्यक्षात काय गिळू-पचवू शकतो.

नोट लिहायची पद्धतही ठरलेली आहे: असेसमेंट, डायग्नोसिस, इंटरव्हेन्शन, मग मॉनिटरिंग आणि इव्हॅल्युएशन. त्यातलं न्यूट्रिशन डायग्नोसिस डॉक्टरांच्या डायग्नोसिसची कॉपी नसतं. आपल्या बाईंचं असं होईल: ऊर्जा आणि प्रथिनांचं अपुरं सेवन, कारण गिळताना वेदना, पुरावा म्हणजे तीन आठवड्यांत ४ किलो घट आणि रिकॉलमध्ये गरजेच्या निम्मं सेवन. अडचण, कारण, पुरावा, एका वाक्यात. कारण जर "गिळताना वेदना" असेल तर उपाय मऊ, गार, कमी प्रमाणात जास्त ऊर्जेचं खाणं आणि वेदनेच्या औषधाची वेळ जेवणाशी जुळवणं हा निघतो. तिथे "आहाराची माहिती नाही" असं कारण लिहिलं असतंत तर तुम्ही तिला पत्रक देऊन मोकळे झाला असता. दर आठवड्याला एक अशी नोट लिहा आणि कोणाला तरी तपासायला लावा, ह्याहून चांगला सराव मला माहीत नाही.

पायरी ८: बोलणं

माहिती देणं म्हणजे समुपदेशन नव्हे, हे सगळे मान्य करतात आणि मग वीस मिनिटांपैकी अठरा मिनिटं स्वतःच बोलतात. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (पेशंटच्याच तोंडून बदलाची कारणं काढायची बोलण्याची पद्धत) शिकवतात तेव्हा त्यातल्या उघड्या प्रश्नांचा आणि ऐकलेलं परत मांडण्याचा सराव मित्रावर करा, संमतीने रेकॉर्ड करा आणि कोण किती वेळ बोललं ते मोजा. ऐकताना लाज वाटते, वाटू दे. आणि एका भेटीत एकच बदल, तोही पेशंटने स्वतः निवडलेला. सात सूचनांचा छापील कागद गाडीत बसेपर्यंत हरवतो.

पायरी ९: पेपर वाचणं आणि डिझर्टेशन

न्यूट्रिशनमध्ये दर आठवड्याला कुठलातरी पदार्थ वाचवतो आणि कुठलातरी मारतो. ह्यातून वाट काढायला एक उदाहरण कायम लक्षात ठेवा. बीटा-कॅरोटीनयुक्त भाज्या-फळं खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता, म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन बघितल्या. १९९४ मध्ये फिनलंडच्या ट्रायलचे निकाल आले तर गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त. पुढे अमेरिकेतल्या कॅरेट ट्रायलमध्येही तेच, ती वेळेआधीच थांबवावी लागली. निरीक्षणातून दिसलेला संबंध आणि गोळी देऊन होणारा परिणाम ह्यात केवढी दरी असते ते ह्यात सगळं आलं.

पेपर उघडला की आधी सारांश नको, पद्धत वाचा. कोणावर केलं, कशाशी तुलना केली, किती दिवस, खाणं मोजलं कसं. मग धोका "दुप्पट" झाला असं लिहिलं असेल तर मूळ आकडा शोधा, हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच म्हणतात. पैसा कोणी दिला तेही बघा, तेवढ्यावरून पेपर फेकून द्यायचा नसतो पण तुलना सोयीची निवडलीय का हे तपासायला कारण मिळतं.

डिझर्टेशनचा विषय छोटा घ्या. "किशोरवयीनांच्या आहारसवयी" हा विषय नाही, तो महासागर आहे. एक वयोगट, एक प्रश्न, एक मोजमाप. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो, ती हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरून घ्यायचा नाही, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना डेटा गोळा करायच्या आधी भेटा. नंतर गेलात तर ते एवढंच सांगू शकतात की काय करायला हवं होतं.

पायरी १०: प्लेसमेंट

जायच्या आधी एक खिशात मावणारी वही करा: सूत्रं, स्क्रीनिंग टूलचे गुण, नेहमीच्या लॅब व्हॅल्यूज, ट्यूब फीडच्या (नळीतून द्यायच्या पातळ आहाराच्या) प्रकारांत मिलीला किती किलोकॅलरी आणि किती प्रथिनं. ट्यूब फीडचं गणित पाठ असू द्या: १ किलोकॅलरी प्रति मिलीचं फीड, ताशी ७५ मिली, २२ तास, म्हणजे १६५० मिली आणि तेवढ्याच किलोकॅलरी. मग प्रथिनं पुरतायत का, पाणी पुरतंय का, आणि तपासणीसाठी फीड बंद ठेवलेले तास धरले का हे बघायचं. ठरवलेलं आणि प्रत्यक्ष पोटात गेलेलं ह्यात जवळपास नेहमी फरक असतो, नर्सच्या चार्टवरून खरं गेलेलं काढा. ही एक सवय बघूनच सुपरवायझरला कळतं की मुलगी कामाची आहे.

वॉर्डात पोचल्यावर आधी नर्सशी ओळख करा, पेशंट काय खातो आणि काय उशाखाली लपवतो हे त्यांनाच माहीत असतं. राउंडमध्ये बोलायची वेळ आली तर तीस सेकंदांत सांगा: कोण, काय अडचण, काय सुचवतेय, कधी परत बघणार. माहीत नसेल तर "बघून अर्ध्या तासात सांगते" आणि खरंच अर्ध्या तासात जा. हातून कुठे गडबड झाली तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं, तिथे फीड चालू असतं, वाट बघायला वेळ नसतो.

प्रत्येक शिफ्ट संपली की त्याच दिवशी लॉगबुकवर सही घ्या. महिनाअखेरीला एकदम घेऊ म्हणाल तर सुपरवायझर रजेवर जातात, बदली होते, आणि तास सिद्ध करता करता रजिस्ट्रेशन लटकतं. किती पेशंट, कुठले आजार, कुठलं काम स्वतः केलं आणि कुठलं नुसतं बघितलं हे वेगवेगळं लिहा, पुढे मुलाखतीत हेच विचारतात. पेशंटचं नाव-नंबर मात्र स्वतःच्या वहीत कधीच नाही.

पायरी ११: शेवटचं सेमिस्टर

रजिस्ट्रेशनचा फॉर्म रिझल्टची वाट न बघता आधीच वाचून ठेवा. ट्रान्सक्रिप्ट, तासांचं प्रमाणपत्र, प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस ह्याच्या सही-शिक्क्यासह प्रती कॉलेजात असतानाच काढा. परदेशात जायचा विचार अगदी पुसट असला तरी सिलॅबसची प्रत घ्याच, कारण तिथे विषयवार तास मागतात आणि काही वर्षांनी कॉलेजच्या ऑफिसात जुना सिलॅबस शोधून द्यायला कोणाला वेळ नसतो.

लगेच मास्टर्स करायचं का, तर जिथे रजिस्ट्रेशनलाच ते लागतं तिथे प्रश्नच नाही. बाकी ठिकाणी मी म्हणेन वर्ष-दोन वर्षं जनरल वॉर्डात काढा, मग रीनल (किडनी), लहान मुलं, आयसीयू, कॅन्सर ह्यातलं काय आवडतं ते कळेल. स्वतःचं क्लिनिक लगेच टाकायची घाई मला पटत नाही, एकटं बसलं की चुकीचं दाखवून देणारं कोणी नसतं. आणि क्लिनिक टाकायचंच असेल तर प्रोफेशनल इन्शुरन्स, लेखी संमतीचा फॉर्म आणि कुठल्या पेशंटला डॉक्टरकडे परत पाठवायचं ह्याची यादी, ही तिन्ही पहिला पेशंट यायच्या आधी टेबलावर हवीत.